ई-क्लास की ५ सीरिज, नवी की जुनी: पहिली लक्झरी सेडान घेण्याआधी

जुन्या गाड्यांच्या कुठल्याही मोठ्या शोरूममध्ये चक्कर मारा. दर्शनी भागात एखादी आठेक वर्षांची काळी ५ सीरिज किंवा पांढरी ई-क्लास हमखास उभी असते. टायरला पॉलिश, आत परफ्यूम, आणि काचेवरचा आकडा बघून माणूस जागीच थबकतो. एवढ्यात तर नवी इनोव्हा येते! मग दिवाळीपर्यंत हाच विषय डोक्यात घोळतो. घरात कुणीतरी म्हणतं, "घेऊन टाक, आयुष्यात एकदाच." आणि गॅरेजवाला मित्र नुसता हसतो.

तो का हसतो ते आधी समजून घेऊ. आज वीस लाखांना मिळणारी ती गाडी नवी असताना पासष्ट लाखांची होती. तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिचे शॉकअप अजून पासष्ट लाखांच्या गाडीचेच आहेत आणि त्यांचं बिलही तसंच येतं. पुढे जे काही सांगतो आहे, ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

कोणत्या गाड्या

मिडसाइझ लक्झरी सेडान म्हणजे मर्सिडीजची ई-क्लास, बीएमडब्ल्यूची ५ सीरिज, ऑडीची ए६, व्होल्वोची एस९०, लेक्ससची ईएस आणि जुन्या बाजारात जग्वारची एक्सएफ. यांतल्या पहिल्या तिघींचाच बाजार खरा मोठा. ई-क्लास चाकणला जुळवली जाते, ए६ छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला आणि ५ सीरिज चेन्नईला. म्हणजे यांतल्या दोघी आपल्या घरच्याच म्हणायच्या. जुनी घेताना या माहितीचा उपयोग असा की ज्या मॉडेलच्या गाड्या रस्त्यावर जास्त, त्यांना हात लावणारे बाहेरचे मेकॅनिक जास्त आणि भंगारातून चांगला पार्ट मिळण्याची शक्यताही जास्त. जग्वार एक्सएफ दिसायला या सगळ्यांत देखणी, असं माझं मत. तरीही पहिली गाडी म्हणून ती घ्या असं मी कुणाला सांगणार नाही.

नवी घेणार असाल तर

नवीचा भाग लवकर संपतो, कारण तिथे तपासायचं थोडं आणि हिशेब करायचा जास्त.

२०२४ मध्ये बाजारात आली तेव्हा लाँग व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या) ५ सीरिजची एक्स-शोरूम किंमत ७२.९ लाख होती आणि नवी ई-क्लास ७८.५ लाखांपासून सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची रचना बदलली. अशा मोठ्या गाड्यांवर आधी जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्के लागायचे, आता सेस गेला आणि सरसकट ४० टक्के झाले. तेव्हा जुने व्हिडिओ पाहून बजेट ठरवू नका, आजचं कोटेशन लेखी मागा.

मग आरटीओ. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १५ आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. समजा गाडी ७८.५ लाखांची आहे आणि पेट्रोल आहे. स्वतःच्या नावावर साधारण १०.२ लाख टॅक्स, कंपनीच्या नावावर १५.७ लाख. साडेपाच लाखांचा फरक! घसारा दाखवून मिळणारी करबचत या फरकापेक्षा जास्त आहे का, हे सीएसोबत बसून बघा. सेल्समन "कंपनीवर घ्या साहेब" म्हणतो म्हणून घेऊ नका. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने सरकारसाठी गोळा करायचा आयकरही कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण बरेच जण विसरतात.

टेस्ट ड्राइव्हला जाताना घरच्या सगळ्यांना न्या आणि गाडी आपल्या रोजच्या रस्त्यावर मागा. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या छान चालतात. लांब व्हीलबेसच्या गाड्या मागे बसणाऱ्यासाठी बनवल्या आहेत. ५ सीरिजच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३,१०५ मिलिमीटर आहे, पूर्ण लांबी ५,१६५. मागे पाय पसरून बसता येतं हे खरं, पण हेच अंतर सोसायटीच्या दारातल्या उंच स्पीडब्रेकरवर पोटाला घासतं. मागे तिघं बसवून तो स्पीडब्रेकर पार करून बघा. आणि आपल्या पार्किंगमध्ये टेप लावा. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायचं) असेल तर त्याच्या पाटीवर किती लांबीची आणि किती वजनाची गाडी चालते ते लिहिलेलं असतं, ते वाचा. गाडी दारात आल्यावर ती पार्किंगमध्ये मावत नाही असं कळणं फार महागात पडतं.

आता जुनीकडे वळू, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचा ओढा तिकडेच असणार.

पहिली पायरी: गाडी बघायच्या आधी तिचे कागद बघा

नवखा माणूस उलटं करतो. आधी गाडी बघतो, प्रेमात पडतो आणि मग कागदातल्या खोटी पोटात घालतो. म्हणून विकणाऱ्याकडून आधी फोनवर आरसीचा, इन्शुरन्सचा आणि सर्व्हिस रेकॉर्डचा फोटो मागवा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

आरसीवर तीन गोष्टी पाहायच्या. बनल्याचा महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख यांत किती अंतर आहे? लक्झरी गाड्या कधीकधी डीलरच्या आवारात महिनोन्‌महिने पडून राहतात, तेव्हा "२०१९ची गाडी" मुळात २०१८ची असू शकते. कितवा मालक? आणि बँकेचा बोजा चढलेला आहे का? एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की इन्शुरन्स, पीयूसी, फायनान्स हे बरंचसं दिसतं. ई-चलनं वेगळी तपासा. एक्सप्रेसवेवर पळवलेल्या गाडीवर चलनांची रांग लागलेली असते आणि ती गाडी तुमच्या नावावर करताना आडवी येते.

सर्व्हिस रेकॉर्ड हा सगळ्यात बोलका कागद. किलोमीटर वर्षागणिक कसे वाढत गेले ते एका कागदावर उतरवून काढा. पहिल्या तीन वर्षांत पंचावन्न हजार आणि पुढच्या चार वर्षांत एकूण सहा हजार? असं होऊ शकतं, मालक परदेशी गेला असेल. पण बहुधा मीटर मागे फिरवलेला असतो. सर्व्हिस पॅकेज संपलं त्या महिन्यानंतर अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी एकदम थांबल्या असतील, तर पुढची बिलं कुठली आहेत ते विचारा. बाहेरच्या चांगल्या गॅरेजची बिलं असली तरी चालतात. अजिबात नसली तर नाही.

गाडी कंपनीच्या नावावर असेल तर ती ड्रायव्हरने चालवलेली, मागची सीट वापरलेली, वेळेवर सर्व्हिस झालेली असण्याची शक्यता बरी असते. मला वैयक्तिक पातळीवर अशा गाड्या आवडतात. फक्त विक्रीच्या वेळी सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे असं कंपनीचं पत्र घ्यायला विसरू नका.

दिल्लीची गाडी

हिच्यासाठी वेगळा मथळा लागतोच. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांमुळे दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गंडांतर आलं. त्यामुळे तिथल्या सात-आठ-नऊ वर्षांच्या डिझेल ५२० डी (५ सीरिज) आणि ई २५० (ई-क्लास) स्वस्तात सुटू लागल्या आणि देशभर पसरल्या. त्यांतल्या काही खरोखर चांगल्या असतात. पण किंमत बघताना बेरीज पूर्ण करा. तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथे वयाप्रमाणे घट धरून भरावा लागणारा रोड टॅक्स, एमएच नंबर आणि एजंटचे हेलपाटे हे सगळं धरून मग "तीन लाख वाचले" म्हणा. "एनओसी नंतर मिळेल" या शब्दावर पैसे देऊ नका. नंतर म्हणजे कधी, ते सांगणारा कुणी भेटत नाही.

दुसरी पायरी: पत्रा, काचा, टायर

गाडी दिवसाउजेडी बघा, पाऊस नसताना आणि धुतलेली नसेल तर उत्तम. ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत.

लांबी (पत्र्याचे खळगे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे का ते बघायला लोक खिशात लोहचुंबक घेऊन जातात. इथे एक गंमत होते. ५ सीरिजचं बॉनेट आणि दारं, ई-क्लासचं बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं, त्याला चुंबक चिकटतच नाही. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा समोरच्या बिचाऱ्या मालकाला जवळपास खोटारडा ठरवलं होतं. तेव्हा चुंबक घरी ठेवा आणि दोन्ही धातूंवर चालणारा पेंट मीटर भाड्याने आणा किंवा तपासणाऱ्याला आणायला सांगा. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. दोनशेच्या वर गेला तर पुन्हा रंगवलंय, चार-पाचशेच्या वर गेला तर खाली लांबी आहे. आठ वर्षांच्या गाडीचा बंपर, एखादं दार पुन्हा रंगवलेलं असणारच, मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तसं नसेल तर नवल. घाबरायचं ते छताला आणि दारांच्या मधल्या खांबांना मायक्रॉन वाढलेले दिसले तर. तिथे रंग लागला म्हणजे गाडी जोरात आपटली किंवा उलटली आहे.

सगळ्या काचांवरचं कंपनीचं नाव आणि वर्षाची खूण जुळते का पाहा. बॉनेटच्या बिजागरीच्या नटांवर पान्याचे ओरखडे आहेत का तेही.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२२१ असेल तर २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर कितीही नक्षीदार दिसला तरी बदलायच्या यादीत टाका. बीएमडब्ल्यूला बहुतेक रनफ्लॅट टायर असतात. पंक्चर झालं तरी थोडं अंतर चालतात, पण बाजू कडक असल्यामुळे आपल्या खड्ड्यांत फुगतात किंवा चिरतात. आतली बाजू बघायला स्टिअरिंग पूर्ण फिरवून टॉर्च मारा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाचा हात गाडीच्या बाबतीत आखडता होता असं समजा, आणि जिथे दिसत नाही तिथेही तो तसाच असणार.

तिसरी पायरी: पाण्यात बुडालेली गाडी

२६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून "बुडालेली गाडी" हा शब्द आपल्या बाजारात कायमचा आला. त्यानंतर कोल्हापूर, सांगली, चिपळूण आणि सप्टेंबर २०१९ मधलं पुणेही झालं. इन्शुरन्सने टोटल लॉस ठरवलेल्या गाड्या लिलावात जातात, सुकवल्या जातात आणि दूरच्या शहरात पुन्हा उभ्या राहतात. लक्झरी गाडीत कंट्रोल मॉड्यूल आणि वायरिंगचे जोड बऱ्याचदा सीटखाली आणि कार्पेटखाली असतात, म्हणून अशी गाडी नंतर वर्ष-दोन वर्षं रडवत राहते.

ओळखायचं कसं? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. पुसणारे बाहेरचं सगळं पुसतात, पण बेल्टचा आत गुंडाळलेला शेवटचा फूटभर भाग विसरतात. एका चकचकीत गाडीत मला तिथे मातीची सरळ रेघ दिसली होती. विकणारा म्हणाला, "साहेब, तो डिझाइन आहे." शिवाय सीटच्या रुळांवर गंज, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ, हेडलाइटच्या आत धुकं, आणि एसी बंद करून दहा मिनिटं काचा लावून बसलात तर येणारा कुबट वास. फार जास्त परफ्यूम मारलेली गाडी मी दुप्पट वेळ हुंगतो.

दरवेळी पूरच असतो असंही नाही. पॅनोरमिक सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबतात आणि पावसाळ्यात पाणी आत उतरतं. चारही बाजूंच्या कार्पेटखाली हात घालून ओल आहे का बघा.

चौथी पायरी: थंड इंजिन, मग रस्ता

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर काहीतरी लपवायचं होतं. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या पाच सेकंदांत खडखड आली आणि नंतर शांत झाली तर टायमिंग चेनची (इंजिनाचे भाग एका तालात ठेवणाऱ्या साखळीची) शंका घ्यावी. २०१०-१४ च्या काळातल्या ५२० डीमध्ये असलेलं एन४७ इंजिन यासाठी जगभर बदनाम आहे. त्यातली चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, म्हणजे पार्टपेक्षा उतरवाउतरवीची मजुरी जास्त. २०१४ च्या आसपास आलेल्या बी४७ इंजिनात हा त्रास खूपच कमी झाला. जुन्या बाजारात ५ सीरिज बघत असाल तर २०१७ नंतरची जी३० पिढी घ्या, दोन लाख जास्त गेले तरी. ई-क्लासमध्येही २०१७ नंतरच्या लाँग व्हीलबेस पिढीतली ई २२० डी ही मला सगळ्यात निर्धास्त निवड वाटते.

२०१५ च्या आधीच्या दोन लिटर ए६ डिझेलमध्ये मल्टिट्रॉनिक नावाचा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला) गिअरबॉक्स असायचा. ती गाडी स्वस्त मिळते. का स्वस्त मिळते, ते ऑडी उघडणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

रस्त्यावर रेडिओ बंद, काचा खाली. थांबा-निघा ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरचा धक्का जाणवतो का? रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकताना ढप्प आवाज? खराब रस्त्यावर पुढून टकटक आली तर लोअर आर्म आणि बुश (सस्पेन्शनचे भाग) गेले. ही खराबी गंभीर नाही, पण भाव पाडायला उपयोगी. गिअरबॉक्सचं तेल बदललंय का, हा प्रश्न जरूर विचारा. "ते लाइफटाइम असतं" असं उत्तर मिळेल. ५ सीरिजचा आठ गिअरचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः मात्र ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत तेल बदलायला सांगते.

डिझेल गाडी, त्यातही एप्रिल २०२० नंतरची बीएस६, रोज फक्त तीन-चार किलोमीटर शहरात फिरणार असेल तर घेऊ नका. धुराची काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. नाहीतर तो तुंबतो, आणि त्याची किंमत ऐकून माणूस रिक्षाने फिरायला लागतो. पेट्रोल घेत असाल तर इंधनाच्या झाकणाच्या आत ई१० लिहिलंय की ई२० (गाडीला चालणारं पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण) ते वाचा.

पाचवी पायरी: स्कॅन, आणि मगच भाव

ही पायरी कुणी म्हणजे कुणीही गाळू नये. या गाड्यांत डझनावारी कॉम्प्युटर आहेत आणि किलोमीटरचा आकडा मीटरशिवाय इतर ठिकाणीही साठवलेला असतो. मीटर फिरवणारा सगळीकडे बदलतोच असं नाही. साधं ब्लूटूथ ओबीडी (फोनला जोडून एरर वाचणारं छोटं यंत्र) इथे पुरत नाही. मर्सिडीजसाठी झेंट्री, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, ऑडीसाठी ओडिस ही सॉफ्टवेअर असलेल्या ठिकाणीच गाडी न्या, शक्यतो विकणाऱ्याच्या ओळखीच्या नव्हे. कालच सगळे एरर पुसलेले असतील तर तेही तिथे कळतं. गाडी लिफ्टवर चढवून घ्या. ऑइल फिल्टर हाउसिंगजवळ ओल, कूलंटच्या प्लास्टिक टाकीला तडे, एअर सस्पेन्शन असेल तर रात्रभर उभी ठेवल्यावर एक कोपरा खाली बसतो का, आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, हे खालून-वरून बघून घ्यावं. हसू नका. पार्किंगमधल्या उंदरांनी केलेलं नुकसान मी अपघातांपेक्षा जास्त पाहिलं आहे.

स्कॅनचा कागद आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरचं अंदाजपत्रक हातात घेऊन भावाला बसा. माझा साधा नियम असा: गाडीच्या किमतीच्या पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर एक पायरी खालची गाडी घ्यावी. तीन वर्षांची सी-क्लास ही दहा वर्षांच्या ई-क्लासपेक्षा बरी, लग्नात कुणाला काहीही वाटू दे.

कंपन्यांच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या योजना, म्हणजे बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, मर्सिडीज-बेन्झ सर्टिफाइड, ऑडी अप्रूव्ह्ड प्लस, थोड्या महाग पडतात. पण वॉरंटी लेखी मिळते. पहिल्यांदाच घेणाऱ्याने ते जास्तीचे पैसे द्यावेत असं मला वाटतं. वॉरंटीत गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स येतं का, ते छोट्या अक्षरांत वाचा.

शेवटची पायरी: पैसे आणि कागद

टोकन द्या ते बँकेतून आणि अट लिहून: तपासणीत मोठा दोष निघाला तर परत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणी घ्यायची नाही असा आयकर कायदा आहे, तेव्हा "थोडे कॅश द्या" याला नाही म्हणा. गाडी नावावर करायला लागतात फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी व बोजा उतरवायचा फॉर्म ३५. नाव बदललं जाईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक जुनाच असतो, त्यामुळे विकणाऱ्यालाही घाई असायला हवी. त्याला नसेल तर तुम्ही घाई करा.

इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही, म्हणून प्रीमियम वाढेल. पाच वर्षांपुढच्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) देताना कंपन्या नखरे करतात. मिळालं तर घ्या, आणि इंजिन प्रोटेक्ट तर नक्की घ्या. पाण्यात गाडी बंद पडली तर मात्र पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर तेवढ्यानेच कनेक्टिंग रॉड वाकतो.

चावी हातात घेताना दोन चाव्या मोजून घ्या. दुसरी चावी "घरी राहिली" असेल तर ती येईपर्यंत पैशाचा शेवटचा हप्ता थांबवा, नवी बनवायला मोठी रक्कम लागते. आणि डिकीत, स्टेपनीपाशी, अंगठ्याएवढा एक सॉकेट असतो: चाकांच्या लॉक नटची चावी. तो आहे ना, ते तिथल्या तिथे बघा. रात्री साडेअकराला खंबाटकी घाटात पंक्चर झाल्यावर तो शोधायला लागलात तर खूप वेळ जातो.